हात कोणाचा

शनिवार, ३ मार्च १९७३, सायंकाळचे सात वाजून एकोणचाळीस मिनिटे. इंडियानातील शालेय बास्केटबॉलच्या विभागीय अंतिम सामन्याचे चार सेकंद उरले होते. एल्म फोर्क ४६, मार्लो ४५. शिट्टी वाजली.

मार्लोचा क्रेग चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावला होता. एल्म फोर्कचे लाइल आणि डेनी आडवे आले आणि तिघेही एकत्र कोसळले. पंचाने फाऊलची, म्हणजे नियमभंगाची, मूठ वर केली. दोष नेमका कोणाचा, हे त्या गुंत्यात त्यालाही दिसले नव्हते. तो थांबला. फाऊल करणाऱ्याने स्वतः हात वर करायचा, असा नियम होता.

गुणलेखकांच्या टेबलापाशी व्हर्लिन स्टूप्सने पेन्सिल उचलली. एल्म फोर्कच्या शाळेत यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ एकतीस वर्षे संघाची गुण-फाऊलांची वही लिहीत होता. जूनमध्ये शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होणार होती. हरल्यास हा तिचा शेवटचा सामना.

हिशेब सरळ होता. चेंडू टाकताना अडवले, म्हणजे क्रेगला दोन फ्री थ्रो, प्रत्येकी एका गुणाची मोकळी फेक. दोन्ही पडले तर सामना गेला. एक पडला तर बरोबरी आणि जादा वेळ. पण लाइलच्या नावावर चार फाऊल होते, पाचव्याला तो बाहेर जाणार. डेनीचा एकच होता.

शेजारी मार्लोचा गुणलेखक फाऊट्स बसला होता. क्रेगचे आजचे सातपैकी सात फ्री थ्रो त्याने व्हर्लिनला दोनदा ऐकवले होते.

"तुमचा डेनी उचलेल बघ हात," तो म्हणाला. "लाइलला वाचवायला. आणि तू मुकाट लिहिशील."

"ज्याचा हात, त्याचा फाऊल. मी फक्त लिहितो."

"एकतीस वर्षं हेच ऐकतोय, म्हाताऱ्या."

व्हर्लिनने पेन्सिलीचे टोक तपासले. डेनीनेच हात उचलावा असे त्याला वाटत होते, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

लाइलने डेनीकडे पाहिले, डेनीने लाइलकडे. हात खालीच. चार हजार माणसे बसलेली असूनही छतावरच्या दिव्यांची गुणगुण ऐकू येऊ लागली.

मग एक हात वर गेला. कोपर ताठ, बोटे उघडी.

व्हर्लिनची पेन्सिल कागदावर टेकलीच नाही. फाऊट्सने सावकाश आपल्या संघाचे पान उघडले आणि क्रेगच्या नावापुढे फाऊल मांडला. चेंडू घेऊन धडक त्यानेच मारली होती. फ्री थ्रो नाहीत, चेंडू एल्म फोर्कचा.

अंतिम गुण: ४६–४५.