जास्तीचा आकडा

पवनचक्कीचा आवाज मोजायचं यंत्र प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात मांडलं आणि अंजिराच्या पोटात दुखायला लागलं. दोन वर्षं ती झोप लागत नाही म्हणून रडत होती, तर नवरा म्हणायचा, "तुला भास होतात." थोरलीनं एकदाच तक्रार केली आणि माणूस हजर.

"आमच्याकडंही मोजा की," ती कुंपणावरून म्हणाली.

जाऊबाईंकडं अठ्ठेचाळीस डेसिबल भरले होते. अंजिराच्या दारात सत्तावन्न भरले.

"एवढ्या आवाजात झोपता कशा?" साहेबांनी विचारलं. नवरा साहेबांसाठी खुर्ची आणायला आत गेला.

"यंत्र नीट लावलंय ना?" जाऊबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

अंजिरानं चहा टाकला. डोक्यावर पाती घरघरत होती. आज पहिल्यांदाच तिला तो आवाज गोड लागला.