सरासरी बारा

२००३ साली गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या एका एसटी डेपोत कॉम्प्युटर आला. प्रवासी कमी असलेल्या गाड्यांचा अहवाल काढायचं काम दिव्यानीकडे आलं. प्रोग्राम विचारायचा: सरासरी काढू की वारानुसार? मॅनेजरसाहेबांनी सरासरी सांगितली होती. जांभूळटोल्याच्या गाडीला तिने वारानुसार लावलं.

साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "सरासरी काऊन नाई लावली?"

"सरासरी बारा येते, साहेब. अन् बारा माणसं त्या गाडीत एकाही दिवशी बसली नाईत."

"पंधराच्या खाली आली का गाडी बंद. वरून हुकूम हाये."

"ऐतवारच्या बाजाराले अठ्ठ्याहत्तर बसतात. मोहाची पोती, कोंबड्या, बायका पार दारात उभ्या. बाकी सहा दिवस एकच माणूस राह्यते."

"त्या एका माणसासाठी सहा दिवस डिझेल जाळू?"

"नका जाळू. सहा दिवस बंद करा. ऐतवारची गाडी बंद नाई होणार. सरासरीचा कागद माह्या हातून निघणार नाई. पाहिजे तर मले कामावरून काढा."

साहेब जरा नरमले. "अन् तो सहा दिवसांचा माणूस भांडायले आला तर?"

दिव्यानीने पर्समधून स्वतःचा फोटो चिकटवलेला, जांभूळटोला ते डेपो असा महिन्याचा पास काढला आणि त्या कागदावर ठेवला.

"तो उद्यापासून सायकलनं येईल, साहेब."