लिंपणारी

जळकोटच्या वखारीत सह्याद्रीच्या पावसाळी जंगलातून आलेला ओंडका करवतीवर चढवला, तेव्हा भुसा झाडणाऱ्या गजराबाईला त्यातली ढोली दिसली. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं, मधे बोटभर फट. जन्मभर भिंती लिंपत आलेल्या गजराबाईनं फटीत बोट घातलं. "थांबा मिस्त्री! ह्ये बाहेरनं खरबरीत, आतनं गुळगुळीत हाय. लिंपणारी आतच बसलीय." मिस्त्री हसला, पण त्यालाही राहवेना. करवत बंद करून त्यानं पटाशीनं लिंपण फोडलं. आत भल्यामोठ्या चोचीचं एक पाखरू पिल्लू पोटाशी धरून बसलं होतं. पंखांची पिसं गळून खाली पडलेली. "हिला तर उडताच येत न्हाय," गजराबाई पुटपुटली, "मग खायला कोण घालत व्हतं हिला?" दोरखंड गुंडाळणारा ट्रकड्रायव्हर एकदम थांबला. "घाट उतरेस्तवर तसलंच एक पाखरू ट्रकमागं येत व्हतं," तो म्हणाला, "चोचीत फळ धरून."