मक्विंजा सरांचा चांबो

“आता यातला सगळ्यात लहान आकडा घ्या,” मक्विंजा सर म्हणाले आणि पुढची ओळ लिहायला फळ्याकडे वळले.

तियामिकेने हातातल्या कागदावर बोट ठेवलं. हीच ती ओळ. सरांनी आठवड्यापूर्वी गणित विभागात सगळ्यांना कागद वाटले होते, तेव्हा वाचताना ती इथेच अडखळली होती. आकडे अनंत असतील तर त्यांत सगळ्यात लहान कुणी असेलच कशावरून? अर्ध्याचं अर्धं करा, त्याचंही अर्धं करा, जन्मभर करत बसा; लहानाहून लहान निघतच राहतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना सर स्वतःच शिकवत. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मक्विंजा सर कधी चुकतात का!

झोंबाच्या डोंगरावरून उतरलेलं धुकं खिडकीला टेकलं होतं. वीज नेहमीसारखी गेलेली. विभागातली मंडळी स्वेटरच्या बाह्यांत हात खुपसून माना डोलवत बसली होती. सरांचं हे संशोधन उद्या छापायला जायचं होतं. आणि तियामिकेची नोकरी कायम करायची की नाही, हेही महिनाअखेरीला सरांच्या शिफारशीवरच ठरणार होतं. मूग गिळून बसावं, हेच शहाणपणाचं.

“सुंदर! काय मांडलंय!” तिच्या शेजारी बसलेले डॉ. लिकोंग्वे पुटपुटले.

“तुम्ही वाचलंत?”

“सरांचं वाचायचं काय त्यात? बरोबरच असतं.”

त्या विभागाची एक रीत होती. गुरुवारच्या बैठकीत ज्याची चूक निघेल, त्याने चूक काढणाऱ्याला विद्यापीठाच्या फाटकाजवळ माई नामागोवाच्या टपरीवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सरोवरातला तळलेला चांबो मासा खाऊ घालायचा. रीत पाडली मक्विंजा सरांनी, आणि आजवर सगळ्यांचे मासे खाल्ले तेही त्यांनीच. ‘अर्धं सरोवर सरांच्या पोटात आहे,’ असं लिकोंग्वे म्हणायचे. सरांनी मात्र कधी कुणाला शेपटीचा तुकडासुद्धा खाऊ घातला नव्हता. पाळीच आली नव्हती ना!

सर फळ्याच्या तळाशी पोचले. आता शेवटची ओळ, मग टाळ्या. तियामिकेचा हात वर गेला. तिने वर केला की आपोआप गेला, देव जाणे.

“सर, तो सगळ्यात लहान... तो असतोच का?”

“अगं बये!” लिकोंग्वे कुजबुजले. “पाण्यात राहून माशाशी वैर?”

सरांनी मागे वळून पाहिलं. “पुढे ये.”

ती गेली. तिने खडू उचलला. अर्धा, पाव, पावाचा अर्धा, असे ती कडेच्या मोकळ्या जागेत एकाखाली एक आकडे लिहीत गेली, ते थेट फळा संपेपर्यंत. “तुमच्या अटीत हे सगळे बसतात, सर. आणि यांत सगळ्यात लहान कुणीच नाही.”

सरांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी ओलं फडकं उचललं आणि स्वतःच्या ओळी खालून वर पुसत त्या ओळीपर्यंत आले. तीही पुसली.

“उद्या काही पाठवायचं नाही,” ते म्हणाले. “चला. भूक लागलीय.”

फाटकाकडच्या उतारावरून सर झपाझप पुढे चालले, बाकीचे मागे. गेली नोकरी, असं तियामिकेच्या मनाने घेतलं. आपण गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मग ते चुकीचं छापून आलं असतं, आणि जगभर हसं झालं असतं तिच्या सरांचं.

“या प्रोफेसर, आज कुणाला लुबाडलंत?” माई नामागोवाने चुलीपासूनच विचारलं.

“आज मीच खाऊ घालतोय.”

“तुम्ही?” माईच्या हातातला मासा कढईवरच थबकला. “अगं बाई! मग आज मोठा चांबो काढते.”

तिने पाण्याचा तांब्या आणि परात आणून ठेवली. जेवणाआधी मोठ्यांच्या हातावर लहानाने पाणी घालायचं, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. तियामिके लगबगीने पुढे झाली, तर तांब्या सरांच्या हातात.

“हात पुढे कर.”

“नाही हो सर, भलतंच काय! मी घालते.”

“हात, पोरी.”

तिने हात पुढे केले.

“इतकी वर्षं मी कागद वाटतोय,” सर म्हणाले. “सगळे सुंदर म्हणतात. घरी गेल्यावर वाटायचं, वाचतं तरी का कुणी? नुसत्या माना डोलावणाऱ्यांत माणूस फार एकटा पडतो गं. तू वाचलंस. अगदी त्या ओळीपर्यंत वाचलंस. फार उपकार झाले.”

लिकोंग्वे आपल्या बुटांकडे बघू लागले.

“मला वाटलं, तुम्ही रागावलात,” तियामिके म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“रागावलोय की! स्वतःवर. तुझ्याबद्दल एवढंच लिहिणार आहे, की हिला कुठे जाऊ देऊ नका. मला अजून पुष्कळ चुकायचंय.”

पाणी गार होतं. तिच्या बोटांवरचा खडू पाणी पांढरं करत परातीत उतरत होता. तो सगळा निघाला, तरी सर पाणी घालतच राहिले.