नाव तेच, फिल्म नवी

बाबांनी रोल धुतला आणि आईचे शेवटचे फोटो कायमचे गेले. पण तसं काही झालंच नाही, असं आम्ही घरात ठरवलंय. रोल अजून डार्करूममध्ये वाळतोय आणि बाबा दर चहानंतर तो वाळला का बघून येतात.

त्यांची लाडकी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मध्ये बंद पडली होती. कंपनीने ती त्याच नावाने पुन्हा आणली, तेव्हा पठ्ठ्याने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. हॉस्पिटलमधल्या आईचे फोटो त्याच फिल्मवर काढले आणि ती गेल्यावर जुन्या सवयीने रोल धुतला. काचेसारखा कोरा निघाला.

मी कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“काका, फक्त नाव तेच आहे. आतली फिल्म वेगळी, धुवायची रीत वेगळी.”

“मग नाव कशाला तेच ठेवलंत, ताई?”

“लोकांचा जीव अडकलेला असतो हो नावात.”

बाबांनी तिथल्या तिथे मला अर्ज लिहायला बसवलं.

 

“विषय: बंद झालेली पत्नी पुन्हा सुरू करण्याबाबत. महोदय, नाव कोणतंही चालेल. आत मात्र तीच असावी, ही नम्र विनंती.”