मूळ फोटो

स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर माझ्या आणि निनादच्या साखरपुड्याचा पहिला फोटो उमटला. एरवी केसांआड झाकलेला माझ्या मानेवरचा कोडाचा पांढरा डाग केस सरकल्याने त्यात लख्ख दिसत होता.

"अहो, पुसला होता मी!" फोटोग्राफरकाका माझ्या आईकडे बघत बोलून गेले. "या नव्या फोटो लायब्ररीला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधले बदल कळतच नाहीयेत. सगळे मूळ फोटोच उघडतेय." त्यांनी घाईघाईने पुढचा फोटो लावला. त्यात डाग आणखी जवळून दिसला.

अल्बमसाठी फोटो निवडायला आलेल्या दोन्ही घरच्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी ओढणी मानेभोवती गुंडाळली. आईने माझा हात धरला.

"काय काय लपवलंत आमच्यापासून?" होणाऱ्या सासूबाईंचा आवाज चढला.

मोडलं लग्न. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"काका, अंगठीचा फोटो उघडा," निनाद म्हणाला. "त्यात माझी बाही वर सरकलीय. आईने तुम्हाला पुसायला लावलेला माझा भाजल्याचा डागही दिसू दे सगळ्यांना."