विसावं कडं

विणकरणीनं एकोणीस कडी पुन्हा मोजली. मोजून काही विसावं उगवणार नव्हतं.

नाणं अजून कुणी पाडलं नव्हतं. देणंघेणं चालायचं ते काशाच्या कड्यांवर, आणि तराजू म्हणजे ज्याचा त्याचा तळहात. दुष्काळात तिनं वीस कड्यांचं धान्य उचललं आणि त्याबदली तिचा एकुलता एक लेक खाणीत राबायला गेला. वीस कडी भरली की लेक परत, असं ठरलं होतं. सात वर्षं ती पोटाला चिमटा घेऊन कांबळी विणत होती. चार कांबळ्यांना एक कडं पडे. कांबळी घेऊन कडी ओतून देणारा ओतारी मोठा बिलंदर, हलकं कडं हळूच सरकवायचा. पण हिनं ते तळहातावर झुलवलं की मुकाट्यानं बदलून द्यायचा.

खाणीचा मुकादम वर्षातून एकदाच येई. तो आज आला होता. आजची वेळ हुकली की आणखी एक वर्ष.

शेजारणीकडे एक कडं होतं. तिचा नवरा खाणीत दगावला तेव्हा ते खाणीतून आलं, तेव्हापासून खुंटीला लटकत होतं. ओतारी कडी घासून गुळगुळीत करून द्यायचा. याच्या काठाची खरखर मात्र खाणीतून आली तशीच होती. वापरत नाहीस तर मला दे, हिवाळ्यापर्यंत फेडते, म्हणून विणकरणीनं पदर पसरला.

"माझा जीव माग," शेजारीण म्हणाली, "ते मागू नकोस गं."

विणकरणीला फार लागलं. इतक्या वर्षांचा शेजार, आणि एका कड्यासाठी हात आखडला. ती तोंड फिरवून निघाली.

मुकादम ओताऱ्याच्या ओट्यावर बसला होता. तिनं एकोणीस कडी त्याच्यापुढं मांडली आणि उरलेल्या एकासाठी त्याचे पाय धरले. लेकासाठी जाड कांबळं विणून ठेवलंय, हेही सांगून टाकलं.

मुकादमानं लेकाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग झोळीतून एक कडं काढून त्यानं तिच्या हातावर ठेवलं.

तिला रडूच फुटलं. लोक उगाच या माणसाला दगड म्हणत होते. तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सवयीनं तिनं कडं तळहातावर झुलवलं. वजन चोख होतं. वीस झाली.

मुकादमानं ओट्यावरच्या कड्यांना हात लावला नाही.

"सगळी घरी घेऊन जा, आई."

तिचा अंगठा कड्यावरून फिरला. काठ खरखरीत होता.